गारठलेलं बोट

मुलांनो, डोळखांबच्या डोंगरातला एक पाडा डोळ्यांपुढे आणा. करोनाचे दिवस आहेत. आशाताई, म्हणजे गावची आरोग्यसेविका, रत्ना घरोघर फिरून बोटाला ऑक्सिमीटर लावते, शरीरातला प्राणवायू मोजते. एका दुपारी शेजारच्या आजीचा आकडाच उमटेना. “मेले नाय गो मी, भाताच्या लावणीतून आले!” आजी हसली. रत्नाने चिखलात गारठलेलं ते बोट चोळलं, तसा आकडा आला. रत्नाची लेक बाळी दारातून बघत होती. संध्याकाळी रत्नाने अंगणातच गार पाण्याने अंघोळ केली आणि बाळीला लागण नको म्हणून पडवीत वेगळी बसली. ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावला. आकडा नाही. पुन्हा लावला. नाही. दिवसभराच्या थकव्यात आजीचं बोट तिला आठवलंच नाही. भीतीही वाटली नाही. ती नुसती बघत राहिली. “आये, आधी बोट चोळ,” बाळी म्हणाली. “लांब ऱ्हा गो!” उंबरा ओलांडून बाळीने आईचं बोट चोळायला घेतलं.