पहिलं ताट

विमानात अजून कुणालाच जेवण आलं नव्हतं. तेवढ्यात हवाई सुंदरीनं सरूआजींपुढे ट्रे ठेवला. "आजी, तुमचं जैन जेवण."

"अगं आई, आपण जैन कधी झालो?" मुलगा कुजबुजला. "मागच्या खेपेला मधुमेहींचं मागवलंस. साखर तरी आहे का तुला?"

"नाही. पण वेगळं सांगितलं की आधी वाढतात."

"मग थांब जरा, आमचंही येऊ दे. बरं दिसत नाही."

सरूआजींचा हात थबकला. माहेरी काय, सासरी काय, पुरुषांच्या पंगती उठल्यावर तळाशी उरलेल्या गार आमटीशीच त्या जन्मभर जेवल्या होत्या.

"थांबले तेवढं पुरे झालं," म्हणत त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

शेजारच्या नातीनं विचारलं, "आजी, कसं आहे गं?"

"मीठ कमी आहे, पण गरम आहे. घे, तूही खा. बाबाच्या आधी."