स्वतःचाच वकील

तिरुविडैमरुदूरच्या एकोजीचा खून मुत्तुवेलनेच केला, हे अख्ख्या कुंभकोणम्‌ला ठाऊक होतं, पण या दादाविरुद्ध साक्ष द्यायला कुणी पुढं येईना. मद्रासहून आणलेल्या वकिलाने त्याला बजावलं होतं, "कोर्टात तोंड उघडू नका. पुराव्याअभावी सुटाल."

जामिनावर असलेला मुत्तुवेल रोज एकच सिनेमा बघायचा. त्यातला दादा स्वतःच स्वतःचा खटला लढवतो आणि जिंकतो. सिनेमा सुटला की समोर नव्यानेच दुकान मांडलेल्या इडलीवालीला तो सगळे संवाद म्हणून दाखवायचा. चटणी वाढता वाढता म्हातारी तमिळमध्ये म्हणायची, "वकील कशाला हवा, राजा? त्याला तुझा आवाज कुठला?"

मुत्तुवेलने वकिलाला घरी धाडलं.

कोर्टात तो असा काही गरजला की लोक टाळ्या पिटायला लागले. त्या टाळ्यांची हवा त्याच्या डोक्यात गेली. सिनेमातल्या दादासारखाच छातीवर हात मारून तो म्हणाला, "होय, मीच मारलं त्याला. पण का मारलं?"

का, ते जज्जसाहेबांनी विचारलंच नाही.

फाशीची शिक्षा ऐकून बाहेर पडताना दारात इडलीवाली उभी होती. त्याच्या बेड्यांवर नजर रोखून ती हळूच मराठीत म्हणाली, "साक्षीदार मिळेना रे लेकरा, म्हणून ह्यालाच बोलता केला."

मुत्तुवेलला शब्द कळले नाहीत. भाषा मात्र त्याने ओळखली.

मरताना एकोजी ह्याच भाषेत आईला हाका मारत होता.