चार पावलांची रेघ

गौरवीनं मारलेला स्मॅश डिचोलीच्या दोघींच्या मधोमध आदळला आणि कडेला उभ्या बाबलीनं फटाक्यांच्या माळेला लावायला काडी पेटवलीसुद्धा. शेवटचा सेट, पंधरा-बारा. गोवा राज्य झालं त्या साली पार्से गावानं सुरू केलेला व्हॉलीबॉलचा करंडक यंदा पहिल्यांदा गावातल्या पोरींकडे राहणार होता. तेवढ्यात डिचोलीची कप्तान साक्षी कमरेवर हात ठेवून पंचांपुढं उभी राहिली.

"मॅडम, ती मागच्या ओळीत खेळत होती."

"मागच्या ओळीतलीही मारू शकते." पंच योगिताबाई पेडण्याच्या शाळेत खेळ शिकवायच्या आणि नियमाला पक्क्या होत्या. "उडी तीन मीटरच्या रेघेमागून घ्यायची, एवढंच. मग ती रेघेपुढं उतरली तरी चालतं. तिचा पाय मागं होता, मी पाहिलाय."

"पाय मागं होता, मॅडम. रेघच पुढं आहे."

बाबलीच्या बोटांना काडीचा चटका बसला तेव्हा कुठं त्याला हात झटकायचं सुचलं.

"बाप्पान मारलेली रेघ ती," तो म्हणाला. "ती कशी चुकतली?"

सगळं पार्से ज्यांना बाप्पा म्हणायचं ते गोकुळदास चुन्याचा डबा घेऊन कडेलाच बसले होते. दर वर्षी स्पर्धेच्या सकाळी ते नेटखाली मधल्या रेघेवर टाच टेकवायचे, चार पावलं टाकायचे आणि चौथं पाऊल पडेल तिथं चुना ओढायचे. चार पावलं म्हणजे तीन मीटर. फार वर्षांपूर्वी म्हापशाच्या एका पंचानं टेप लावून रेघ बघितली होती आणि माप बोटाचाही फरक न पडता जुळलं होतं. ही गोष्ट बाप्पांनी इतक्यांदा सांगितली होती की गावात टेप विकत घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

"घेवा माप, बाई," बाप्पा मिशीत हसत म्हणाले. "तिचो जीव थंड जांवदी."

योगिताबाईंनी पिशवीतून टेप काढली आणि मधल्या रेघेपासून धरली. दोन मीटर सत्तर. त्यांनी पुन्हा मोजलं. मग नेटखालून वाकून पलीकडची बाजू मोजली. तिथंही दोन सत्तर. दोन्हीकडे चांगली फूटभर कमी.

"आम्ही काय इथं रोज खेळत नाही," साक्षी म्हणाली. "यांना सवय आहे जवळून मारायची."

बाप्पांचं हसू मिशीतच विरलं. त्यांचा हात आपसूक उजव्या गुडघ्याकडे गेला. दोन वर्षांपूर्वी काजू गोळा करताना ते डोंगरीवरून घसरले होते, तेव्हापासून पाऊल पूर्वीसारखं लांब पडत नव्हतं. जिना चढताना हे त्यांना रोज कळायचं. रेघ मारताना मात्र एकदाही डोक्यात आलं नव्हतं. आता डिचोलीभर बोभाटा होणार, पार्सेकर रेघा पुढं ओढून जिंकतात म्हणून. बाप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते उठले. "बाई, रेघ माझी, चूक माझी. पोरींचो दोष नाय. तो गुण काडून टाका."

योगिताबाई काही बोलायच्या आत गौरवी ओरडली, "थंय कोणी पाय घालू नकात."

रेघेच्या थोडं मागं ती उकिडवी बसली होती. धूळ उडू नये म्हणून सकाळी पाणी मारलेलं, त्यामुळे तांबडी माती अजून ओलसर होती. तिच्यात तिच्या दोन्ही पायांचे चवडे खोल रुतलेले स्पष्ट दिसत होते.

"मॅडम, मी उडी हयसून मारली. टेप हय आणा."

टेप आणली. भरवसा नको म्हणून साक्षीनं दुसरं टोक स्वतः धरलं. दोन्ही संघ वाकून बघायला लागले, बाबली तर मातीत आडवाच झाला. तीन मीटरचा आकडा मातीला टेकला आणि त्याच्याही मागं दोन बोटं गौरवीच्या पायाचा ठसा सुरू झाला.

साक्षी त्या ठशाकडे बघत राहिली. "रेघ एवढी पुढं असताना इतक्या मागून कशाला उडालीस गं?"

"रेघ कोण बघता?" गौरवी म्हणाली. "उडताना बॉल बघूचो, रेघ बघूची नाय, असां बाप्पान शिकयलां. धा वर्सांमागे तेंनी आंगणात चार पावलां टाकून चिरो पुरलेलो. त्या चिऱ्यामागसून उडी मारून मारून आता पायांकच ठावक जालां."

साक्षीनं हात झटकले. "मग गुण तुमचाच," ती म्हणाली आणि हसली. योगिताबाईंनी शिटी फुंकली. बाबलीनं या वेळी शिटी संपेपर्यंत धीर धरला आणि मगच माळ पेटवली.

बाप्पा मात्र अजून त्या ठशापाशीच उभे होते. पोरीनं आपलं दहा वर्षांपूर्वीचं पाऊल जसंच्या तसं सांभाळून ठेवलंय हे बघून त्यांचा ऊर भरून आला होता. पण पुरुषांचा सामना सुरू व्हायचा होता आणि रेघा नव्यानं मारायच्या होत्या. योगिताबाईंनी टेप त्यांच्यापुढं धरली.

"नको, बाई," बाप्पा म्हणाले. "माझां पावल गावलां."

दुखरा गुडघा सांभाळत ते खाली बसले, गौरवीच्या ठशापुढं दोन बोटं टेकवली आणि तिथून नवी रेघ ओढायला घेतली.