समोरची फळी

लंगर अर्ध्यावर आला आणि मोटर गुरगुरून थांबली. अब्दुल गनीने वायरला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"तापली," तो म्हणाला. "बॅटरी मागं, मोटर समोर. एवढ्या लांब, पातळ वायरीतून करंट पोचून नाही राह्यला."

गनीचं दिग्रसला जीप-ट्रॅक्टरच्या वायरिंगचं दुकान. जुन्या जीपची दोर ओढायची मोटर त्याने चंदाबाईच्या मासेमारीच्या डोंग्यावर बसवली होती. अरुणावती धरणाच्या काठाजवळ तिघं ती तपासून पाहत होती. चंदाबाई मागे इंजिनाशी, तिची धाकटी जाऊ इंदू समोरच्या फळीवर.

इंदूने दोर धरला आणि अडकलेला लंगर हाताने वर घेतला. चंदाबाईचं छातीचं ऑपरेशन झालं, डाव्या हाताने ओझं ओढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हापासून लंगर इंदूच ओढत होती. दोराने तिचे तळवे सोलून निघाले होते.

"बॅटरी समोर ठेवू," गनी म्हणाला. "मोटरच्या बाजूलेच. हातभर वायरीत काम होते."

"समोर कुठं?" चंदाबाईने विचारलं.

गनीने इंदूची फळी दाखवली. "हे काढा लागन. माणूस अन् बॅटरी, दोन्ही समोर बसले तं डोंग्याचं नाक पाण्यात जाईन. तसंही तिथं आता माणूस कायले पाह्यजे? लंगर बटनावर वर येईन. तुम्ही एकट्या जासान."

"बरोबर हाय भाऊचं," इंदू म्हणाली. ती हसली, पण पाण्याकडे बघत. "मी आता घरीच बरी."

चंदाबाई तिच्याकडे बघत राहिली. पाण्याला भिणारी ही बाई. ऑपरेशननंतर चंदाबाई काठावर येऊन नुसती उभी राहिली होती, तेव्हा हीच पदर खोचून आधी डोंग्यात बसली होती आणि म्हणाली होती, चला.

"बॅटरी मागंच राहू द्या, गनीभाऊ," चंदाबाई म्हणाली. "माह्या फळीखाली. मी पाय आखडून बसन."

"मंग केबल जाड लागन, बाई. अंगठ्याएवढी."

"जाड लावा. मोटर मी तिच्या हातांसाठी बसवून राह्यली, तिले उठवासाठी नाही."

 गनीने आपली पातळ वायर गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा खांद्यावर काळ्या केबलचं भेंडोळं होतं. चंदाबाईने ती ओळखली. दुकानातल्या वेल्डिंग मशीनची होती, मधूनच कापलेली.

"अन् तुमचं काम, भाऊ?"

"थोडं जवळून करन वेल्डिंग."

तळाशी साचणारं पाणी लागू नये म्हणून त्याने बॅटरी पाटावर चढवली, पेटीत घातली, पट्ट्याने आवळली. तिच्या तोंडाशीच फ्यूज बसवला. केबल डोंग्याच्या कडेने पुढे नेली. बटन कुठे लावू, असं त्याने विचारलं तेव्हा चंदाबाईने नुसता समोर हात केला.

इंदूने बटन दाबलं. लंगर न थांबता वर आला, चिखल आणि शेवाळ गाळत. गनीने केबलला हात लावला आणि या वेळी तो तसाच ठेवला.

"थंडी हाय," तो म्हणाला.

चंदाबाईने त्याला हात जोडले. गनी अवघडला आणि पाने-पक्कड गोळा करू लागला.

त्याला काठावर सोडून त्या दोघी जाळ्यांकडे निघाल्या. रोज इंदू पुढे तोंड करून, दोर धरून बसायची. आज धरायला काही नव्हतं. तिने हात मांडीवर ठेवून पाहिले, मग फळीवरच वळली आणि चंदाबाईकडे तोंड करून बसली. इंजिनाच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नव्हता, तरी ती काहीतरी सांगत होती आणि चंदाबाई मान डोलावत होती.