रग्गड ऊन

काल्हेरला मितेशच्या दुकानात रामनाथने सोलरचं एकेक पॅनेल मडकं वाजवून घ्यावं तसं बोटाने वाजवून पाहिलं आणि सगळ्यात महागडं, काळंभोर पॅनेल निवडलं.

"काका, सोबत बॅटरी लावायची की नुसतं लाइनला जोडायचं?" मितेशने विचारलं.

"बॅटरी कशाला पायजे? आमच्या अंजूरची लाइट जाते ती भर दुपारची. तवा ऊन रग्गड हाय."

घरी बायको, हौसा, रात्रंदिवस ऑक्सिजनच्या मशीनवर होती. पण शुभ कामाला निघाल्यावर आजारपणाचं नाव काढू नये, म्हणून रामनाथ त्याबद्दल काही बोलला नाही. गच्चीवर पॅनेलं चढली, हार घातला, नारळ फुटला. लाइट गेल्यावर हौसाला लावायचा सिलिंडर त्याने त्याच दिवशी परत करून टाकला.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी लाइट गेली आणि मशीन शिटी वाजवून बंद पडलं. रामनाथ धावत गच्चीवर गेला. पॅनेलं उन्हात लखलखत होती. त्याने मितेशला फोन लावला आणि तसाच जिना उतरला. खाली येईपर्यंत हौसाची मान कलंडली होती.

फोनवर मितेश शांतपणे समजावत होता, "काका, लाइट गेली की हे पण आपोआप बंद होतं. नाहीतर आपली वीज उलटी लाइनमध्ये जाते. खांबावर वायरमन चढलेला असतो, त्याचा जीव वाचायला पाहिजे ना."