फोटो फाटायला नको

"चेहरा साफ आला पाहिजे," मोतीराम म्हणाला. "भिवईवरला तीळसुदिक दिसला पाहिजे. रस्त्यानं जाणाऱ्यानं वळखली पाहिजे पोरगी."

वैष्णवीने मान डोलावली. नाशिक रोडला तिचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, उद्घाटनं, निवडीबद्दल अभिनंदन, हे रोजचंच. हरवलेल्या मुलीचं काम पहिल्यांदाच आलं होतं. मोतीरामने आणलेला फोटो पुतण्याच्या हळदीतला होता. सगळी भावकी हसत उभी, आणि मागच्या रांगेत, दोन खांद्यांच्या फटीत, त्याची सरिता. चेहरा हरभऱ्याएवढा.

"हा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलाय, काका. मोठा केला की फाटेल, चेहऱ्याचे नुसते ठोकळे दिसतील. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा."

मोतीरामने तिथूनच पिंपळगावला फोन लावला. मोठ्या कॅमेऱ्याची भलीमोठी फाइल आली. वैष्णवीने सरिताला गर्दीतून कापून वेगळ्या लेयरवर घेतलं आणि आधी त्या लेयरचा स्मार्ट ऑब्जेक्ट केला.

"हे कशापायी?" मोतीरामचं बारीक लक्ष होतं.

"साधा लेयर एकदा लहान केला की त्यातले कण जातात. परत मोठा केला तरी ते येत नाहीत, चेहरा धुरकट होतो. असं ठेवलं की कितीही हलवा, लहान-मोठं करा, मूळ चित्र आत शाबूत राहतं."

मग त्याने फोन नंबर मोठा करायला लावला, त्यासाठी फोटो लहान. नाही, फोटोच मोठा घे. जरा डावीकडं. वैष्णवी कंटाळली नाही. तिची धाकटी बहीण एकदा पुण्याहून येताना फोन बंद पडून उशिरा पोचली होती; त्या संध्याकाळी वडिलांचं काय झालं होतं ते तिने पाहिलं होतं.

मोतीरामची बायको भागीबाई दाराजवळच्या स्टुलावर बसून होती. स्क्रीनकडे तिने पाहिलंच नाही.

"इतकं साफ नको करू, बाई," ती एकदाच म्हणाली.

"तिला काय कळतंय," मोतीराम म्हणाला.

नजर लागेल असं वाटत असेल, वैष्णवीच्या मनात आलं. आईचा जीव. तिने तीळ आणखी थोडा उठावदार केला. पोस्टर स्वतःच्या ग्रुपांवरही टाकलं.

पुढच्याच आठवड्यात मोतीराम एकटा दुकानात आला. हातात द्राक्षांची पेटी.

"घावली," तो म्हणाला. "घोटीत. तुझं पोस्टर पाहून चहावाल्यानं फोन केला. म्हणे, तिळावरूनच वळखली."

वैष्णवीचे डोळे भरून आले. "कुठे आहे आता?"

"बाहेर गाडीत. आईजवळ." त्याने पेटी टेबलावर ठेवली. "त्योच फोटो लय मोठा करून पाहिजे. चौकात लावायचाय. फाटायचा तर नाय?"

"मुळीच नाही." तिने फाइल उघडली, कोपरा धरून फोटो ओढला. पापणीचा केस न केस दिसत होता. "खाली काय लिहू?"

"भावपूर्ण श्रद्धांजली."

तिचा हात थांबला. पळून गेलेल्या पोरींचे असे फलक जिवंतपणी लावतात, हे तिने ऐकलं होतं. आम्हाला ती मेली, एवढं गावाला सांगायला.

"काका, राग निवेल," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरगी परत आलीय."

"लिही."

त्याचा आवाज चढला नव्हता. रागाचा भर आहे, ओसरेल, फलक दोन दिवसांत उतरवतील, असं मनाशी म्हणत तिने अक्षरं टाइप केली. वर फुलांची चौकट आली, खाली रिकामी जागा उरली.

"तारीख कोणती टाकू? घरातून गेली त्या दिवसाची?"

मोतीरामने काचेतून बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं.

"उद्याची टाक," तो म्हणाला.