भाकरतुकडा

साईनाथ वीस वर्षांनी मस्कतहून कशेळ्याजवळच्या आपल्या घरी सुखरूप पोहोचला आणि बहिणीच्या हातचं पोटभर जेवला. ही बातमी तूर्त आपल्याला कळलेलीच नाही, असं धरून चालू.

भर दुपारी जीप त्याला अंगणात सोडून गेली. समिधाताई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. लांबून आलेल्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्यांच्याकडे कुणाला उंबरा ओलांडू देत नसत.

"थांब रं साई, तिथंच थांब! किती वाळलास!"

"ताई, वजन काट्यात मावत नाय माझं," साईनाथ हसला.

ताई त्याच्याकडे बघतच नव्हती. त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवरून तिने तुकडा ओवाळला आणि लांब भिरकावला. मग तिथेच पाणी ओतलं. सगळी माती भिजली. दोन पावलांएवढी जागा तेवढी कोरडी राहिली.

"आणि मला गं?" साईनाथने विचारलं.

आता तिने त्याच्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं.

"डायवरभाऊ, माझ्या भावाला नीट आणलंत, बरं झालं. बॅग पायरीवर ठेवा नि निघा तुमी."

दार लागलं. आत ताट मांडल्याचा आवाज आला. मग साईनाथच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "ताई, भात थोडाच वाढ."

घाबरला की साईनाथ कचेरीतल्यासारखा बोलायचा. तो दाराला तोंड लावून म्हणाला, "तरी सदर भाऊ मीच असून, मलाही घरात घेण्यात यावे, ही नम्र विनंती."